पांढरी आणि पिवळी

देवाजी कोहळेंची उमर तारा जोडण्यात गेली. आधी तांब्याच्या टेलिफोन केबली होत्या. मग काचेच्या ऑप्टिकल फायबर आल्या, तेव्हा सोबतच्या बहुतेकांनी हात टेकले. केसाएवढी तार, बोटात रुतली तर दिसतही नाही. देवाजी मात्र चिकटून राहिले. सुरुवातीला मशीन नव्हतं, तेव्हा दोन टोकं छोट्याशा क्लिपमध्ये जेल भरून समोरासमोर अडकवत. ती जोडणी कामचलाऊच. पुढे मशीन आलं. प्रत्येक तारेला ओळखीचा वेगळा रंग. रंगाला रंग जुळवून तार सोलायची, स्पिरिटनं पुसायची, टोक सरळ कापायचं आणि मशीनमध्ये ठेवायचं. मशीन ठिणगी पाडतं आणि काच वितळून एकजीव होते.

नागपुरातल्या ज्या ठेकेदाराकडे ते होते, तिथे भूमिका कामाला लागली, तेव्हा तिला हे सगळं त्यांनीच शिकवलं. नरखेडकडची ही मुलगी बोलायची कमी, पण हात तिचा स्थिर होता.

गेल्या वर्षभरापासून देवाजींना सगळं जरा पिवळट, धुरकट दिसत होतं. उन्हाचा त्रास असेल, म्हणून त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मीराबाईनं एकदा विचारलं, "तांदूळ निवडताना खडे काहून राहून जाते तुमच्याकडून?" तर ते उठून बाहेर गेले.

मे महिन्यात दिघोरीच्या पुढे, उमरेड रोडवर खोदकामात केबल तुटली. जोडांवर धूळ बसू नये म्हणून देवाजी गाडीच्या काचा बंद करून आत घामाघूम बसले. एकेक जोड मशीननं पास केला. भूमिका केबलच्या शहरातल्या टोकाला तपासायला बसली होती. तिचा फोन आला.

"काका, दोन गावांच्या लायनी अदलाबदल झाल्या. पांढरी पिवळीत गेली."

"तिकडंच काही चुकलं असंल तुह्यं. मशीननं सगळं बरोबर दाखवलं."

"मी पुन्हा पाहतो," ती म्हणाली. तिनं पाहिलंही. मग फोन न करता स्कूटीवर थेट तिथं आली.

गाडीत शिरून तिनं जोड मांडून ठेवलेला ट्रे उघडला. मशीनला काच कळते, रंग कळत नाही. पांढरीला पिवळी जोडली, तरी ते नाही म्हणणार नाही. तिनं देवाजींकडे पाहिलं. ते ट्रेकडे पाहत होते, पण त्यांना तिथं दोन्ही तारा सारख्याच दिसत होत्या, आणि हे तिला समजलं, हेही त्यांना कळलं.

"काका, कवापासून?"

"साहेबाले सांगशील त मले घरी बसवतीन," देवाजी म्हणाले. "मले दुसरं काही येत नाही वं."

"मी नाही सांगत. पण तुम्ही डॉक्टरले दाखवा. नाही त उद्या मलेच सांगा लागंल." आवाज न चढवता ती पुढे म्हणाली, "आता जोडू. रंग मी सांगतो, जोडा तुम्ही."

दोन्ही जोड तोडले. ती 'पांढरी', 'पिवळी' म्हणत एकेक तार त्यांच्या चिमटीत देत गेली. सोलणं, कापणं, ठेवणं बोटांना पाठ होतं, तिथं डोळ्यांची गरज कमीच. संध्याकाळच्या आत दोन्ही गावं सुरू झाली. कोणाला काही कळलं नाही.

पण त्या दिवसानंतर देवाजींना स्वस्थ वाटेना. दोन दिवसांनी ते स्वतःच ठेकेदाराकडे गेले आणि झालेली चूक सांगून मोकळे झाले. ठेकेदार चिडला, मग म्हणाला, "आधी ऑपरेशन करून घ्या, मग बोलू." मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. पाळीपाळीनं दोन्ही ऑपरेशनं झाली. मीराबाई दोन्ही वेळा दवाखान्यात डबा घेऊन आली, पण लपवलं म्हणून रागावायचं मात्र विसरली नाही.

भूमिका घरी भेटायला आली, तेव्हा देवाजी खिडकीशी बसले होते. "हा आभाळाचा निळा मी विसरूनच गेलतो," ते म्हणाले. भूमिका बाजूला बसली आणि दोघं खालची रहदारी पाहत राहिले.

दिवाळीच्या आधी देवाजी कामावर परतले. ठेकेदारानं दोघांची जोडी कायम ठेवली. सावनेरच्या पहिल्याच कामाला जाताना गाडी भूमिका चालवत होती आणि देवाजी शेजारी बसून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते.