दाब की, चावत न्हाई

रेशन दुकानदारानं अख्ख्या कोलाम पोडाला, डोंगरातल्या त्या आदिवासी वस्तीला, फसवलं. आधी अंगठा घ्यायचा, मग मशीन बंद पडलं म्हणून रिकाम्या पिशव्यांनिशी परत पाठवायचं. पोडात कुणाकडे फोन नव्हता, म्हणून सगळ्यांच्या कार्डांवर त्यानं स्वतःचाच नंबर टाकलेला. धान्य उचलल्याचा मेसेज त्याच्याच खिशात वाजायचा.

हे उघडं पाडलं पोडातल्याच एका मावशीनं.

माझं किनवटला मोबाईलचं दुकान आहे. हातगाडीवर कव्हरं विकून उभं केलंय; घासाघिशीत मी कुणाला सोडत नाही. तिनं मला सोडलं नाही. जुन्या फोनसाठी दुपारभर पायरीवर बसली. "देतो का शेठ, का इथंच चूल मांडू?" दिला. चार्जर फुकट गेला आणि शिकवायचंही माझ्याच गळ्यात आलं.

राबून तिच्या बोटांना घट्टे पडलेले, काचेला स्पर्श कळायचा नाही. मग ती बोट वाकवून पेरानं टकटक करायची, दार वाजवावं तशी. बाजाराच्या दिवशी माझ्याकडून शिकायची आणि पोडामागच्या खडकावर, रेंज येते तिथं, बायकांना शिकवायची. कुणी बिचकली की म्हणायची, "दाब की, चावत न्हाई." चुकली की टपली.

तिच्या कार्डाला तिचा नंबर मीच जोडून दिला. पुढच्या खेपेला दुकानदारानं अंगठा घेतला आणि मशीन बंद म्हणाला. ती खडकावर पोचली तोच फोन वाजला. वाचता येत नव्हतं. तिनं फोनकडूनच वाचून घेतलं. धान्य उचलल्याचा मेसेज होता.

बायकांना घेऊन ती उलट पावली फिरली. फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "आता ऐक."

"कोलामीण मला मशीन शिकवून राहिली का?" म्हणत त्यानं तिचं मनगट फळीवर दाबलं आणि काट्याजवळचं लोखंडी वजन हाणलं. आधी फोनवर, मग बोटांवर. पुन्हा बोटांवर.

बायकांनी तिला माझ्याकडे आणलं. पदरात गुंडाळलेल्या हातातून रक्त गळत होतं. दुसऱ्या हातात फोनचा चुरा. "शेठ, हा नीट होईल का?"

मी जाऊन त्याचं नाक फोडलं. पुन्हा फोडीन. माझ्यावर त्याच संध्याकाळी गुन्हा दाखल झाला. तिच्या तक्रारीच्या कागदावर ठाण्यात लिहिलं, "पडून लागले."

दोन बोटं कापावी लागली. आता ती आदिलाबादकडे लेकीपाशी असते. खडकावर कुणी जात नाही. त्याचं दुकान चालू आहे, अंगठे घेणं चालू आहे.

माझ्या गुन्ह्याचं मी बघून घेईन. पण ते दोन शब्द ज्यानं लिहिले, त्यानं माझ्या दुकानासमोर उभं राहून सांगावं, मावशी कुठं पडली?