बोटीवरचा दिवा

ती घटना आठवली की आजही माझं जेवणावरचं मन उडतं. खालापूर-कर्जत पट्ट्यात नोकरी केलेल्या पोलिसाला बुडून मेलेल्यांचं फारसं नवल उरत नाही. पावसाळ्यात बाहेरची मंडळी मौजेला येतात, नको तिथे पाण्यात उतरतात, आणि मग आम्ही पंचनामे लिहीत बसतो. पण या वेळचा मृतदेह गावातल्याच माणसाचा होता आणि त्याच्यासोबत ठाण्यात एक दिवा जमा झाला होता. नावं कोणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून एकाच आळीत राहतात.

गाव पाताळगंगेच्या काठचं. तिथल्या लोकांनी स्वतःचं बचाव पथक उभं केलं होतं. आम्हीच त्यांना कितीदा तरी बोलावून घेतलेलं. त्यांच्याकडे रबरी बोट होती, दोर होते, पोहणारे होते. नव्हता तो उजेड. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन असलेल्या गावच्याच माणसानं मग घरी सर्चलाइट बनवला. अॅल्युमिनियमच्या टोपात एलईडीच्या मोठ्या चिप बसवल्या, त्या तापू नयेत म्हणून मागे जुन्या अॅम्प्लिफायरमधली अॅल्युमिनियमची जाड खाचांची पट्टी लावली, पुढे काचेची भिंगं, कडेनं पाणी जाऊ नये म्हणून सिलिकॉन, आणि धरायला कुकरचा दांडा. खाली मोटारीची बॅटरी. दिसायला ध्यान होतं, पण लावला की पलीकडच्या काठावरची बांबूची पानं मोजून घ्यावीत. आमच्या गाडीवरचा दिवा त्याच्यापुढे काजवा होता, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं.

बोट आणि दिवा ज्यांच्या पडवीत असायचा त्यांना गाव नाना म्हणायचं. पथकाचे प्रमुख तेच. शेती बघणारे, शब्दाला जागणारे, थोडे तापट. दिवा बनवायची गळही त्यांनीच घातली होती.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या संध्याकाळी नानांचा मुलगा मूर्ती घेऊन पाण्यात उतरला. घाटमाथ्यावर पाऊस झाल्यानं नदीला ओढ होती. मूर्ती सोडली आणि त्याचा पाय निसटला. बायको काठावर, कडेवर लहान मुलगी. अंधार पडत आला होता. पथकानं लगेच बोट सोडली, दिवा लावला. झोत फिरला आणि प्रवाहाच्या मधोमध करंजाच्या झाडाला धरून असलेला तो सगळ्यांना दिसला. त्यानं हातही वर केला. बोट वळली आणि दिवा विझला. पुन्हा लावला तर लुकलुकून गेला. मोबाइलच्या उजेडात बोट झाडापर्यंत पोचली तेव्हा झाडावर कोणी नव्हतं.

सकाळी मृतदेह खालच्या बंधाऱ्याला लागला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं, दिवा आणि बॅटरी पंचांसमक्ष ताब्यात घेतली. दिवस उलटायच्या आत नाना ठाण्यात आले. डोळे कोरडे होते. इलेक्ट्रिशियनवर निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मुलगा झोतात दिसला होता, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मुलगा बुडाला यापेक्षा तो दिसला आणि मग बुडाला, हे त्यांना सोसत नव्हतं. मलाही ऐकवत नव्हतं.

त्याच दुपारी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता एकानं कळवलं की पथकाची नवी बॅटरी इलेक्ट्रिशियननं घरी इन्व्हर्टरला लावली आणि बोटीवर भंगार ठेवलं. निनावी खबर निम्मी मत्सराची असते हे मला ठाऊक होतं, पण उरलेल्या निम्म्यासाठी जावं लागतंच. बीट हवालदाराला घेऊन मी त्याच्या घराची झडती घेतली. इन्व्हर्टर नव्हताच. वादळात गावची लाईट गेल्यापासून त्या घरानं सणाचे दिवस मेणबत्तीवर काढले होते. फळीवर मेणाचे ओघळ तसेच होते. त्याच्या बायकोनं ते मला दाखवले आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

तरीही त्याला ठाण्यात आणून विचारपूस केली. पाऊण आयुष्य मी माणसांना बोलतं करण्यात घालवलं, पण हा बधेना. बॅटरी चार्ज केली होती का, तर गप्प. सणात ती कोणी काढली होती का, तर मान खाली. कंपनीनं त्याला पोलिसांचा कागद स्वच्छ येईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं; आरोपपत्र गेलं तर नोकरी जाणार, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्यावर तो इतकंच म्हणाला, "दिवा मी बनवला, सायब. इझला तो माझाच इझला."

हवालदाराचं मत पडलं की हा दोषी आहे, म्हणून गप्प आहे. माझं मत बनत नव्हतं. दोषी माणूस गप्प बसतो तेव्हा तो आपल्या तोंडाकडे बघत असतो, आपल्याला किती कळलंय ते ताडत असतो. हा खिडकीबाहेर बघत होता.

मी मुद्देमाल पुन्हा टेबलावर घेतला. बॅटरी जुनी नव्हती, उतरलेली होती. टोकांना गंज चढू नये म्हणून ग्रीस फासलेलं होतं आणि त्या ग्रीसमध्ये काहीतरी लालसर चिकटलं होतं. गुलाल असेल म्हणून पहिल्या दिवशी आम्ही तिकडे पाहिलं नव्हतं. विसर्जनाच्या दिवशी गुलाल कशाला लागत नाही? पण भिंग धरलं तेव्हा दिसले ते तांदळाचे दाणे, कुंकू लावलेले. अक्षता.

माझ्या घरीही गणपती येतो. मूर्ती हलवण्याआधी उत्तरपूजा होते, देवाला निरोप देताना अक्षता वाहतात, त्या मूर्तीवरून घरंगळून टेबलाखाली जातात. म्हणजे ही बॅटरी त्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कुठल्यातरी गणपतीच्या टेबलाखाली होती. आणि बोट ठेवायच्या पडवीची किल्ली एकाच घरात होती.

मी नानांना बोलावलं. इलेक्ट्रिशियनही समोर होता. मी काही विचारलं नाही, बॅटरी पुढे सरकवून फक्त दाणे दाखवले. नानांनी एक दाणा बोटावर उचलून घेतला.

"लाईट नव्हती, सायब," ते म्हणाले. "देव अंधारात कसा ठेवायचा? माळ लावली, मूर्तीमागचं फिरतं चक्र लावलं. निघताना बॅटरी जागेवर नेऊन ठेवली. पर दिवे चालू व्हते वो. काढली तवा माळ पेटलेली व्हती. मला वाटलं, भरलेली हाय."

चूक एवढीच होती. सजावटीची माळ उतरलेल्या बॅटरीवरही मिणमिणत राहते. त्या मोठ्या दिव्याला लागते ती ताकद तिच्यात उरलेली नसते. चक्र रात्रंदिवस फिरत होतं आणि बॅटरी पीत होतं. माळ पेटलेली बघून कोणालाही तेच वाटलं असतं.

इलेक्ट्रिशियन तोपर्यंत उभा राहिला होता. "नाना, बॅटरीच खराब व्हती," तो म्हणाला.

"उगा खोटं नको बोलू रं," नाना म्हणाले, आणि ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा रडले.

नंतर इलेक्ट्रिशियननं मला सांगितलं की नानांकडे आरतीला गेला तेव्हा ते चक्र फिरताना त्यानं पाहिलं होतं. दुसरी बॅटरी आणली असेल असं त्याला वाटलं. दिवा विझला त्या क्षणी त्याला सगळं समजलं. नानांचा मुलगा तर गेलाच होता. तो कशानं गेला हे त्यांना कळू नये, म्हणून हा नोकरी घालवायला तयार झाला होता.

नानांनी तक्रार मागे घेतली, मी अपघाती मृत्यूचा अहवाल पाठवला. निर्दोष माणूस सुटला. पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन, कारण कोणाच्या दयेपोटी खोटा आरोपी उभा करायला पोलीस नसतो. पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी वाढलेलं ताट बाजूला सारलं. गप्प बसलेला माणूस दरवेळी स्वतःलाच वाचवत असतो असं नाही, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. आणि खरं शोधून काढलं की कोणाचं तरी भलं होतं, हा माझा समज तिथेच गेला.

निवृत्तीनंतर एकदा कुंभिवलीकडून परतताना विसर्जनाच्या दिवशी मी त्या गावात थांबलो. आता नानांच्या घरचा गणपती दीडच दिवसाचा असतो आणि पुढे फक्त समई असते. नदीवर बोट तयार होती. दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं, तरी नानांनी बोटीत बसून दिवा लावून पाहिला आणि करंजाच्या झाडावर धरला. उन्हात झोत दिसतही नव्हता. नानांचा हात मात्र तिथून हलेना. शेजारी दोर गुंडाळत बसलेला इलेक्ट्रिशियन हळूच म्हणाला, "नाना, बंद करा आता. बॅटरी उतरंल."

नानांनी झटकन बटण दाबलं आणि दिवा मांडीवर घेऊन बसून राहिले.