घाटाखालची पंधरा मिनिटं

वडिलांची तीस वर्षं सायकलवर टपाल वाटण्यात गेली. सायकलवर काय खायचं याचे त्यांचे नियम ठरलेले होते. निघताना एकच भाकरी, दुधात कुस्करून. पोट भरेल इतकी नाही. घाट लागण्याआधी गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे, मग पाणी, आणि पंधरा मिनिटं बसायचं. घाईनं चढलेला माणूस घाटातच बसतो, असं ते म्हणत.

दुष्काळाच्या वर्षी ते नगरच्या दवाखान्यात होते. सोनईहून चोवीस मैल. मी रोज सकाळी सहाला डबा घेऊन निघे. तीन तास सायकल आणि पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे सव्वानऊला त्यांच्या खाटेजवळ. घरात आम्ही रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी, मिलो, खात होतो. ती त्यांना पचेना, म्हणून आईनं उरलेली घरची ज्वारी त्यांच्या डब्यासाठी राखली होती.

गेल्या गेल्या ते विचारत, "बसला हुतास का घाटाखाली?"

"बसलो होतो."

"न्हाईतर तुझ्यापरीस माझी सायकल बरी. येळेवर तेल तरी खाती."

एका दुपारी मी परत निघताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या उशीर करू नका."

दुसऱ्या दिवशीही मी सहालाच निघालो. त्याआधी अंधारात खड्डे दिसत नसत. घाटाखाली आलो तेव्हा वाटलं, आज थांबू नये. पण ते विचारणार, आणि त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. बसलो. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. गूळ-शेंगदाणे खाल्ले, पाणी प्यायलो.

सव्वानऊला पोचलो. खाटेवर चादर डोक्यापर्यंत ओढलेली होती. नर्सबाईंनी वेळ सांगितली, नऊ वाजून पाच मिनिटं.

शेजारच्या खाटेवरचे म्हातारे शेतकरी म्हणाले, "सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत हुते. म्हनले, आत्ता पोरगं गूळ खात बसलं आसंल. बसू द्या, घाट लई वाईट हाय."

हिशेब मी तिथंच उभ्या उभ्या केला. थांबलो नसतो तर नऊला पोचलो असतो. पाच मिनिटं मिळाली असती.

दुपारी टेम्पोतून त्यांना घरी आणलं. सायकल त्यांच्या पायांशी आडवी टाकली होती आणि डबा माझ्या मांडीवर होता, न उघडलेला.

सगळं आटोपल्यावर आईनं विचारलं, "वाटंत थांबला हुतास का रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी रोज आईच बांधून देई. खरं सांगितलं असतं तर तिनं दोष त्या पुरचुंडीला दिला असता.

चार दिवसांनी तिनं माझा सदरा धुवायला घेतला. खिशातलं पुरचुंडीचं रिकामं फडकं काढलं, गुळाचा चिकट डाग नखानं खरवडला, आणि ते फडकं कपड्यांबरोबर पाण्यात टाकलं.