ईशान्य कोपऱ्यातला ट्रे

मुलगी घरी परत आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा, एक पिंजरा आणि पिंजऱ्यात एक फेरेट होता. ओटावामधलं तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं आणि दुसरी नोकरी मिळेपर्यंत ती आमच्याकडे, कॅनडातल्याच रेजिना शहरात राहणार होती. एवढं फोनवर ठरलं होतं. फेरेटचं ठरलं नव्हतं. तिनं तो लांबुडका, करडा, डोळ्यांभोवती काळी पट्टी असलेला प्राणी हॉलमध्ये सोडला. त्यानं हुंगत हुंगत एक चक्कर मारली, टीव्हीमागच्या कोपऱ्यात गेला, उलटा वळला, शेपटी वर केली आणि कार्यक्रम उरकला.

"मुंगूस दिसणं शुभ असतं," हे म्हणाले.

"मुंगूस नाहीये, बाबा. फेरेट," लेक म्हणाली आणि टिश्यू आणायला धावली.

मी मात्र ऐकून घेणाऱ्यातली नाही. आमच्या नागपूरच्या घरी दिवसातून दोनदा पोछा लागायचा. इथं बाहेर उणे तीस असलं तरी मी तो सोडलेला नाही. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "दिवाळीला चाळीस माणसं फराळाला येतात आपल्याकडे. तोपर्यंत हा शिकला तर ठीक, नाहीतर हा या घरात राहणार नाही."

"ओके," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "देन वी बोथ गो." आणि पिंजरा घेऊन बेसमेंटमध्ये उतरली.

ती गेल्यावर हे मला म्हणाले, "बोललीस ना? आता निस्तर."

खरं सांगायचं तर मला ती हवी होती. चार वर्षं दोन माणसांचा कुकर लावून मी कंटाळले होते. पण 'तू राहा' हे माझ्या तोंडातून कधी निघत नाही, अटी मात्र भराभर निघतात. आता तिचं राहणं माझ्याच जिभेनं त्या दीड किलोच्या जनावराच्या पोटाला बांधून ठेवलं होतं.

ती बेसमेंटमध्ये उतरली, कारण वरची तिची खोली तिची राहिली नव्हती. ती शिकायला ओटावाला गेली त्याच आठवड्यात मी ती आवरली होती. पोस्टर्स काढली, टेपचे डाग घासले, पांढरा रंग दिला, पलंग खाली नेला. खोली घराच्या ईशान्येला येते, म्हणून तिचा पलंग होता त्याच कोपऱ्यात देवघर केलं. मंडळातल्या बायकांनी खूप कौतुक केलं. लेकीला व्हिडिओ कॉलवर खोली दाखवली तेव्हा ती थोडी थांबून "वॉव, सो क्लीन," म्हणाली होती. मी तेही कौतुकातच धरलं होतं.

शिकवायचं काम मी माझ्याकडे घेतलं, कारण आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करते. आणि एक पोर वाढवलेल्या बाईला यात काय अवघड आहे, असं मला वाटत होतं. त्याच्या शी-शूसाठी ट्रे आणला. तो कुठं ठेवायचा यावर मी जास्त विचार केला नाही. जेवायच्या-झोपायच्या जागी संडास नको, हे काही मला कुणी सांगायला नको. मी तो बेसमेंटच्या वॉशरूममध्ये, अगदी शेवटी, वॉशिंग मशीनच्या पलीकडे ठेवला. रोज सकाळी रिकामा करायचा, कडक गरम पाण्यानं आणि फिनेलनं घासायचा, पुसून कोरडा करायचा, त्यात कागदाच्या ताज्या गोळ्या भरायच्या. ट्रे इतका लख्ख असे की त्यात भाजी निवडावी.

फेरेट त्याकडे ढुंकूनही बघत नसे. तो सोफ्यामागे जाई. तांदळाच्या पिंपामागे जाई. ह्यांच्या बुटांच्या रॅकमागे गेला तेव्हा शुभशकुनाची भाषा बंद झाली. दर तीन-चार तासांनी, दरवेळी कुठला तरी कोपरा. मी आणखी घासू लागले. सगळे कोपरे फिनेलनं पुसले, ट्रेसुद्धा दिवसातून दोनदा धुऊ लागले.

या सगळ्यात लेक घरात कशी राहत होती, ते मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. ती वॉशिंग मशीन लावायच्या आधी विचारायची. फ्रिजमधलं काही घेतलं की सांगायची. कप धुऊन, पुसून, होता तिथं ठेवायची. मैत्रिणीला मी फोनवर म्हणाले, बाई गं, किती शहाणी झालीय! मूर्ख मी.

नवरात्राला चार दिवस होते. देवघरात बसले की तीन दिवस उदबत्तीच्या वासाखालून दुसराच वास येत होता. मी देव उतरवले, चौरंग ओढला. चौरंगामागे, ऐन ईशान्य कोपऱ्यात, तीन दिवसांचा ऐवज व्यवस्थित वाळत पडला होता.

मी जे ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझे आईवडील, माझे देव, माझं घर, सगळं त्यात आलं. लेक वर आली, दारात उभी राहिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आय विल फाइंड अ रूम, आई. बाय द वीकेंड." भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं मी खाली गेले. काय बोलायला, ते ठरलेलं नव्हतं. ती बॅग भरत होती. दोन मिनिटांत भरून झाली, कारण ती रिकामी कधी झालीच नव्हती. पाच आठवडे पोर माझ्या घरात बॅगेतून कपडे काढून घालत होती आणि पुन्हा बॅगेत ठेवत होती. कपाटात एकसुद्धा हँगर हललेला नव्हता. मी पायरीवरूनच परत फिरले.

गाडीची किल्ली घेतली आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. तिथं करड्या वेणीची एक बाई उभी होती, तिनं म्हणे वीस वर्षं फेरेट पाळले होते. मी तिला सगळं सांगितलं. ट्रे किती स्वच्छ ठेवते, तेही अभिमानानं सांगितलं.

"रोज धुता?" तिनं विचारलं.

"दोनदा."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "मग त्याला कसं कळणार की तो ट्रे त्याचा आहे? त्याचं थोडं आत राहू द्यायचं. सगळं काढायचं नाही. तुम्ही त्याचा मागमूस पुसता, तो रोज नव्या घरात उठतो." मग तिनं बाकीचं सांगितलं. एवढ्या लांब तो चालत जाणार नाही, ट्रे जवळ हवा. आधी एकाच खोलीत ठेवायचा, तिथं जमलं की दुसरी खोली उघडायची. झोपेतून उठला की लगेच ट्रेमध्ये ठेवायचा. काम झालं की खाऊ. मारायचं नाही, ओरडायचं नाही. "आणि त्यानं एखादा कोपरा स्वतःच निवडला असेल तर भांडू नका. ट्रे तिथं ठेवा."

"तिथं देव आहेत," मी म्हणाले.

तिला ते कळलं नाही. मी समजावत बसले नाही.

पार्किंग लॉटमध्ये मी गाडी चालू करून बराच वेळ बसले. काचेवर बर्फ भुरभुरत होता, विंटर टायर्स अजून लावले नव्हते. सगळं काढायचं नाही. मला फेरेट आठवत नव्हता. मला त्या खोलीच्या भिंतीवरचे टेपचे डाग आठवत होते, आणि ते घासताना मी गाणं म्हणत होते ते.

घरी येऊन मी देव जेवणाच्या खोलीत हलवले. हे बघत राहिले. "अगं, घट बसणार ना चार दिवसांनी?"

"बसतील. जेवणाच्या खोलीत बसतील. देवांना कुठंही चालतं. त्या उंदराला चालत नाही."

"ईशान्य..."

"पलंगाची ती बाजू उचला," मी म्हणाले.

आम्ही दोघांनी बेसमेंटमधून पलंग वर आणला आणि ट्रे ईशान्य कोपऱ्यात, देवांच्या जागी ठेवला. लेक भरलेल्या बॅगेवर बसून पाहत होती. तिला मी फक्त एवढंच म्हणाले की याला एका खोलीत ठेवायचंय आणि हा पहाटे उठला की कुणीतरी तिथं हवं, मी काही तिथं झोपणार नाही. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग बॅग उचलून वर आली.

त्या वर्षी नवरात्रात आमच्या घरात चिकन उकडलं गेलं. फेरेटसाठी, नखाएवढे तुकडे करून. सकाळचा चहा घेऊन मी त्या खोलीत जाऊन बसायची. हा उठला, जांभई दिली, की उचलून ट्रेमध्ये. ट्रेमध्ये कालचं थोडंसं ठेवलेलं. नाक दाबून, पण ठेवलं. पहिले दोन दिवस तो आत जाऊन माझ्याकडे नुसता बघत बसला. तिसऱ्या दिवशी माझ्या नकळत माझ्या तोंडून निघालं, "शूऽऽ... शूऽऽ... कर बाळा, कर." पायांवर तान्हं मूल बसवून सगळ्या आया काढतात तोच आवाज. हा गडी मागे मागे सरकला, कोपऱ्याला टेकला, शेपटी वर केली. झालं!

"झालं गं!" मी ओरडले. "अगं, केलं त्यानं!"

पलंगावरून हसायचा आवाज आला. लेक पांघरुणातून डोकं काढून बघत होती. "डिड यू डू दॅट टू मी?"

"सात महिने. तू याच्यापेक्षा हट्टी होतीस."

ती इतकी हसली की फेरेट घाबरून पलंगाखाली गेला.

पुढं तो लबाडीही शिकला. नुसता बसल्याचं नाटक करून खाऊ मागायचा, मी ट्रे तपासून मगच द्यायची. अधूनमधून चुका झाल्या. पण दिवाळीच्या आत त्याच्यासाठी हॉल उघडता आला, आणि फराळाला माणसं आली तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर चकली पळवली खरी, कोपऱ्याकडे मात्र पाहिलं नाही. लेकीनं खोलीच्या भिंतीवर टेपनं चार फोटो लावले होते. टेप चांगली जाड होती. मी काही बोलले नाही, ह्यांच्याकडेही पाहिलं नाही.

मार्चमध्ये तिला मिसिसागात नोकरी लागली. हे व्हायचंच होतं. नोकरीसाठीच तर ती थांबली होती. मैत्रिणीच्या गाडीतून दोघं गेली, मागच्या सीटवर पिंजरा. तिचा नवा घरमालक म्हणाला होता, प्राणी शिकवलेला असेल तरच चालेल. म्हणजे ती जाऊ शकली त्यात माझाही हात होता. गाडी वळल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पंधरा-वीस मिनिटं, चांगली हुंदके देऊन.

मग सवयीनं बादली भरली, फिनेल टाकलं आणि खोलीत गेले. पलंगावर चुरगळलेली चादर. उशीशी एक मोजा, एकच. खिडकीत अर्धी संपलेली क्रीमची बाटली. भिंतीवर चार फोटोंपैकी दोन तिनं नेले होते, त्यांच्या जागी टेपचे आठ तुकडे. कोपऱ्यात ट्रे.

हे मागून आले. "देव परत आणायचे ना इथं?"

"नको," मी म्हणाले आणि बादली मोरीत ओतली.

महिन्याभरानं तिचा फोन आला. नोकरीबद्दल, थंडीबद्दल बोलली. मग हसत म्हणाली, "यू मस्ट हॅव स्क्रब्ड माय रूम बाय नाऊ."

"नाही."

"नॉट इव्हन द टेप?"

"नाही गं. काहीच नाही. मोजासुद्धा तिथंच आहे."

मग माझी लेक, जी मला सदा इंग्लिशमध्ये उत्तर देते, मराठीत म्हणाली, "मेमध्ये लाँग वीकेंडला घरी येते, आई."

"त्यालाही आण," मी म्हणाले. "ट्रे जागेवरच आहे."