कान तुटलेला कप

"कामवालीचं काम हिला द्या. हिला मेकअपसुद्धा लागणार नाही," काकू म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. काय करणार? मला नाटकाचं वेड होतं.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समधली आम्ही मराठी माणसं दर गणपतीत नाटक बसवायचो. तालमी काकूंच्या बैठकीत. त्यांचे यजमान बडे अधिकारी, माझे बाबा त्याच ऑफिसात क्लार्क. "कोट्यातले आहेत," हे काकू हळूच सांगायच्या, पण आपल्याला ऐकू येईल एवढं हळू.

तालमीत चहा यायचा. सगळ्यांना सोनेरी काठाचे कप, मला निळ्या फुलाचा, कान तुटलेला. वाटायचं, कप कमी पडत असतील. आई घरी विचारायची, चहा कशात देतात गं? मी म्हणायचे, कपात, अजून कशात? ती पुन्हा कणीक मळायला लागायची.

नाटकाचं सामान घरून आणायची आमची रीत. मालकीण काकूच होणार होत्या. त्यांनी सोनेरी कप आणले. नाटकातल्या कामवालीचा कप वेगळा असतो, म्हणून पिशवीतून दुसरा एक काढला, वेगळ्या कागदात गुंडाळलेला. निळं फूल. तोच, कान तुटलेला.

पडदा उघडला. मला जमिनीवर बसून चहा प्यायचा होता, कप विसळून कोपऱ्यात पालथा घालायचा होता. दिव्यांच्या उजेडात तो कप हातात धरला आणि सगळं लख्ख कळलं. एवढे दिवस त्या बैठकीत मी कामवालीच होते. फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी उठले. काकूंसमोरची खुर्ची ओढली, बसले. त्यांचा सोनेरी कप माझ्याकडे घेतला, माझा त्यांच्यापुढे ठेवला.

"बाईसाहेब, आज तुम्ही यातून घ्या."

हे वाक्य नाटकात नव्हतं. काकूंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. कप त्यांच्याच घरचा, तरी शिवेनात. अख्ख्या हॉलनं ते पाहिलं. कुणी हसलं नाही.

घरी जाताना आई एवढंच म्हणाली, "निळ्या फुलाचा ना? हळदीकुंकवाला मलाही त्यातूनच द्यायच्या."

त्यानंतर मला कुणी काम दिलं नाही. काकू गुडगावच्या नव्या सोसायटीत गेल्या. तिथे कामवाल्यांची लिफ्ट वेगळी आहे, म्हणे. मी मात्र आजही कुणाकडे चहा आला की आधी कप बघते. ती खोड काही जात नाही.

तो कप मी परत दिला नाही. आता नाटकं मी लिहिते, मीच बसवते, तसल्याच सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये. शेवटी तो कप भरते आणि पहिल्या रांगेपुढे ठेवते. लोक चुळबुळतात, घड्याळ बघतात. बघू देत. कुणीतरी उठून तो चहा पिईपर्यंत मी पडदा पाडत नाही.