प्याल्याची कड
आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षारस सगळ्यांना एकाच प्याल्यातून देत. वेदीपुढच्या कठड्यापाशी ओळीने गुडघे टेकायचे, पाळकसाहेब प्याला ओठांशी धरणार, फडक्याने कड पुसणार आणि पुढच्याकडे वळणार. कळत्या वयापासून पीत आलो, कधी काही वाटलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पेठ तालुक्याकडचे एक आदिवासी बाबा आमच्या चर्चमध्ये येऊ लागले. दिंडोरीच्या द्राक्षबागेत मजुरी करायचे. तोंडात कायम तंबाखू, दात काळे, ओठांच्या कोपऱ्यात लाळ. एका रविवारी ते नेमके माझ्या आधी टेकले. प्याला माझ्यापुढे आला आणि मला किळस आली. मी ओठ गच्च मिटून प्याल्याला नुसते टेकवले आणि मान अशी लववली, की बघणाऱ्याला भक्तीच वाटावी. बाबा शेजारून बघत होते.

घरी येऊन प्रार्थनेला बसलो. आधी देवालाच आरोग्याचे धडे दिले. जंतू असतात, रोग पसरतात, तुला काय सांगायचं! पण डोळे मिटून खोटं फार वेळ बोलवत नाही. माझे वडीलही तंबाखू खायचे. त्यांच्या मागून त्याच प्याल्यातून मी वर्षानुवर्षं खुशाल प्यायलो होतो. म्हणजे किळस तंबाखूची नव्हतीच. ती त्या माणसाची होती, त्याच्या डोंगरातल्या पाड्याची, मळक्या सदऱ्याची. आणि मी कोण, तर ख्रिस्तात सगळे एक म्हणून दर नाताळात भाषण ठोकणारा! शी! स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटलं.

मग महिनाभर रोज एकच मागणं मागत राहिलो. प्रभू, माझ्यातली ही घाण काढ. याच माणसाच्या मागून प्यायची ताकद दे. मागताना कधी रडूही यायचं, आणि त्या रडण्याचंही मला जरा कौतुक वाटायचं.

पुढच्या प्रभुभोजनाला मुद्दाम बाबांच्या मागे उभा राहिलो. मन घट्ट केलं होतं. कठडा जवळ आला तसे ते बाजूला सरकले आणि हळूच म्हणाले, "तुमी पुढं व्हा साहेब. माझं मागनं चालंल."

आवाजात टोमणा नव्हता, उलट मला सांभाळून घेतल्यासारखं होतं. नको म्हणायला भरपूर वेळ होता. पण मला हायसं वाटलं. मी पुढे झालो आणि चांगला मोठा घोट घेतला.