मंदाचा लकवा आणि चार बोटं

मंदाचा उजवा हात उचलला जात नव्हता. पाय ओढला जात होता. वय सहा. एका बाजूचे हातपाय असे गेले, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी एखादी नळी बंद झाली होती. इतक्या लहान वयात लकवा का झाला, हे आम्हाला शोधायचं होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी बुलढाण्याच्या एका दवाखान्यात डॉक्टर होतो. अमडापूरहून एस.टी.नं आलेल्या तिच्या आजीचं मात्र मत आधीच ठरलं होतं.

"हे सुनेच्या मायेरचं दुखनं हाये. तिचा भाऊ असाच पिवळा पडत पडत गेला. जाय म्हना पोरगी घेऊन मायेरी."

मंदाची आई सुमन मुलीचा लुळा हात चोळत होती.

मुलीचे डोळे पिवळसर होते, अंगात रक्त कमी होतं. तिच्या रक्ताचा थेंब स्लाईडवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि कडा मेणानं बंद केल्या. हवा तुटली की या आजारात गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. वाकलेल्या पेशी बारीक नळीत अडकतात. मेंदूत अडकल्या तर लकवा. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली विळेच विळे दिसले. सिकलसेल.

हा आजार जीनमधून येतो. जीन म्हणजे शरीर कसं घडवायचं याची, आईबापांकडून उतरणारी सूचना. बिघडलेली सूचना एकाकडूनच आली तर माणूस बहुधा ठणठणीत राहतो. दोघांकडून आली की आजार. मी दोघांचंही रक्त मागितलं.

"माह्यं काऊन? मी तं धडधाकट हावो," बाप गणपत म्हणाला.

"सुमनही धडधाकटच आहे."

त्यानं बोट पुढे केलं. दोघांच्याही पेशी वाकल्या; एकच सूचना बिघडलेली असली तरी बंद काचेखाली त्या वाकतात.

गणपतला हे त्याच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलं असणार, असं मी आजीला सांगितलं. वडील वारलेले होते. सगळं त्यांच्यावर ढकलून तिला विषय तिथंच मिटवता आला असता.

"मेलेल्या मानसावर काऊन ढकलता, डाक्टरसाहेब?" तिनं हात पुढे केला. "टोचा. माह्यं पाहा."

तिच्याही पेशी वाकल्या. मायक्रोस्कोपला डोळा लावून तिनं ते विळे स्वतः पाहिले. मग वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाली, "सुमन, हे माह्यातूनबी आलं. तू कुठी जाऊ नको. पोरीले आपल्याच घरी सांभाळू."

मंदा चालत घरी गेली. हात अर्धाच सुधारला. आजार पूर्ण बरा करणं तेव्हा आमच्या हाती नव्हतं, घरच्यांनी घेतलेली काळजीच महत्त्वाची होती. ती तिला मिळाली, म्हणून त्या आजीचा मी आजही ऋणी आहे. पुढे अशा चाचणीत एकट्या आईचा रिपोर्ट मी कधी सांगितला नाही. आधी दोघांचं रक्त, मग बोलणं.